पिवळी वायर हिरव्यात

"टेप खराब झाली असं सांगितलं होतंत ना मला? मग ही काय आहे, मावशी?"

कपाटाच्या वरच्या फळीवरचा जुना व्हिडिओ प्लेअर लेकीने आतल्या टेपसकट धाडकन टेबलावर ठेवला. मावशी म्हणजे तिची सावत्र आई. ती या घरात आली तेव्हा पोर जेमतेम चार वर्षांची, 'आई' म्हणायला जीभ रेटेना म्हणून मावशी म्हणू लागली, ते आजतागायत तसंच राहिलं. बाबा गेल्यावर आज लेक आपलं उरलंसुरलं सामान न्यायला आली होती, पोटात बाळ, आणि हाती लागली सख्ख्या आईची एकुलती एक टेप... जिच्यापायी तिने मावशीशी इतकी वर्षं उभा दावा मांडला होता.

"ही बघते आणि निघते. पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही मी!"

मावशीने टीव्हीवरचं कापड काढलं.

जड पोटाने वाकवत नव्हतं तरी लेक टीव्हीच्या मागे शिरली. प्लेअरच्या वायरी तीन, पिवळी, पांढरी, लाल. टीव्हीला मात्र भोकं पाच, त्यातही लाल दोन आणि पिवळं एकही नाही! "कोणत्या शहाण्याने केलंय हे," असं पुटपुटत तिने पांढरी-लाल बसवली, पिवळी अंदाजाने निळ्यात खुपसली आणि बटण दाबलं. पडदा काळाठिक्कर... आणि त्या काळोखातून एक बाई गुणगुणायला लागली!

लेक जागच्या जागी थिजली. "आई...! मावशी, आवाज येतोय हो, मग दिसत का नाही?" तिने वायर उपटली, फुंकर मारली, पुन्हा खुपसली, प्लेअरला चापट्या मारल्या, आणि शेवटी जमिनीवर फतकल मारून रडायलाच लागली. "गेलीच असणार टेप. तुम्ही खरंच सांगत होतात... मीच मेली उगाच तुम्हाला बोलत राहिले."

झालं! सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. नुसतं "हो गं बाई" म्हणायचं, की जन्मभराचं खोटं खरं ठरत होतं, पोरीच्या मनातली अढी जात होती, कदाचित तिचं येणं-जाणंही चालू राहिलं असतं... मावशीचे ओठ हललेसुद्धा. पण समोर ती पोर काळ्या पडद्याला कान लावून बसली होती, आणि ते काही मावशीला बघवेना.

"हिरव्यात घाल," ती म्हणाली.

"काय?"

"पिवळी वायर, हिरव्या भोकात. या टीव्हीला पिवळी-हिरवी दोघींचं मिळून एकच आहे."

चित्र आलं, पण करडं. मावशीने रिमोट घेतला, न चाचपडता 'एव्ही' निवडलं, आणि पडद्यावर रंग भरले.

लेकीने वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत? म्हणजे... तुम्ही बघत होतात! मला तळमळत ठेवून एकट्या बघत होतात!"

"हो, बघत होते, या नव्या टीव्हीवरसुद्धा," मावशी म्हणाली. "पहिल्यांदा लावली तेव्हा तू टीव्हीच्या काचेवर घास धरून बसलीस गं, आई खाईना म्हणून तूही खाईनास, तापाने फणफणलीस. तुझे बाबा टेप फेकूनच देणार होते. मग मी दोघांनाही सांगितलं, खराब झाली. नंतर खरं सांगायला धीरच झाला नाही... चुकलं माझं!"

लेक काही बोलणार इतक्यात पडद्यावरच्या बाईने मांडीवरच्या चिमुरडीची वेणी पुरी केली, शेंडा ओढला, टाळूवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "झाली माझी राणी!"

लेकीचा हात आपोआप स्वतःच्या टाळूवर गेला. "हे तर तुमचं... रोज शाळेत जाताना... मला वाटायचं, हे तुमचंच..."

"तू शाळेत गेलीस की लावायचे. कशी विंचरते, काय गुणगुणते, सगळं बघून बघून शिकले. तुझी आई गेली, निदान तिचा हात तरी तुझ्या डोक्यावरून जाऊ नये, एवढंच."

टेप संपली, प्लेअर खट्कन थांबला. लेक तशीच सरकत सरकत मावशीच्या पायांशी येऊन पाठमोरी बसली आणि केस सोडले.

"मावशी... तुमची स्वतःची वेणी कशी असते हो? मला कधी घातलीच नाहीत तुम्ही."

"माझी?" मावशी गोंधळली. तिच्या बोटांना ते आठवेना. मग तिने लेकीचे केस हळूच एका खांद्यावर घेतले. "माझी सैल असते गं," ती म्हणाली, "फार वेळ टिकायची नाही."

"नाही टिकली तर पुन्हा घाला," लेक म्हणाली.