आठवं खातं

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत कमिटीची माणसं सात, कॉम्प्युटर एक आणि पासवर्डही एकच. तो मॉनिटरच्या कडेला मार्करनं लिहिलेला होता. त्यामुळे मागच्या सभेचं इतिवृत्त कुणी पुसलं हे कळायला मार्ग नव्हता. सातही जण निरपराध होते.

सेक्रेटरी कल्पिता सामंत यांनी एका सकाळी हा कारभार बंद केला. विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या बाई. त्यांनी मार्कर स्पिरिटनं पुसला, प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, सहा जणांना साध्या युजरच्या गटात घातलं आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून स्वतःला एकटीला ठेवलं.

"म्हणजे मला प्रिंटर पण लावता येणार नाय?" चेअरमन प्रफुल्ल भोईर हिरमुसले.

"विचारून लावायचा."

मग यादी पाहिली तर खाती आठ. आठवं राघोचं.

"राघो कोण?"

वॉचमन साईनाथ मूळ गावातला. तो म्हणाला, "ही जमीन त्यांची, मॅडम. भातशेती होती. तळमजल्याची ही खोली तुम्हाला देतो, असं बिल्डर बोललेला. तोंडी. राघोबाबा वाट बघत बघत गेले. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी."

"मग खातं उघडलं कोणी?"

"ते मी काय सांगू?"

कल्पिताताईंचा भुतांवर विश्वास नव्हता. भोईरांवर तर नव्हताच. त्यांनी खातं उडवलं. जेवून परत आल्या, तर राघो यादीत हजर. पुन्हा उडवलं. डोळ्यांदेखत पुन्हा आला. खिडक्या बंद, एसी चालू, आणि खोलीत ओल्या पेंढ्याचा वास.

"बरं," त्या म्हणाल्या, "राहा. पण पाहुणा म्हणून." आणि त्यांनी राघोला गेस्टच्या गटात टाकलं. मेलेल्या माणसाला तेवढे अधिकार पुष्कळ झाले.

साईनाथ दारातच थबकला. "आपल्याच शेतात पाहुणा केलात की त्यांना."

"नियम सगळ्यांना सारखा."

चार वाजता यादीत राघो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता. एकटाच. आणि गेस्टच्या गटात एकच नाव होतं: कल्पिता सामंत.

त्यांनी माऊस आपटला. स्क्रीनवर आलं, तुम्हाला परवानगी नाही.

"मला? मला परवानगी नाही?" त्यांनी वायर उपटली. "उद्या सगळं पुसून नव्यानं टाकते. बघू कोण राहतं ते!"

कुलूप लावून त्या तरातरा तिसऱ्या मजल्यावर घरी गेल्या.

सुनेनं दार उघडलं. "या ना. बसा."

"समृद्धी, चहा टाक आधी."

समृद्धी अदबीनं हसली आणि ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आली. सोफ्यावर बनियनवर बसलेले सामंत गडबडीनं उठले, आत जाऊन शर्ट घालून आले आणि समोरच्या खुर्चीवर टेकले.

"ऊन फार आहे ना बाहेर?" त्यांनी विचारलं.

कल्पिताताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांचा संसार.

त्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या.

"हे माझं घर आहे. मी इथून हलणार नाही. कळलं?"

"हो हो, बसा की, काकू. घाई काय आहे?" समृद्धी म्हणाली.

आणि आतून कुंकवाचा करंडा आणून, त्या उठायची वाट पाहत, ती नम्रपणे उभी राहिली.