अनघाताईंची मुक्ता

त्या काळी एकाच घरात, एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांनाही सारखा निरोप कधी येत नसे. बातमी असो, जाहिरात असो की कुणाच्या बारशाचं आमंत्रण, जो तो आपल्या हातातल्या काचेवर आपल्यापुरतं घडवलेलं पाही. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. चपला नाही का आपण ज्याच्या त्याच्या मापाच्या घेत?

अनघाताई मेढेकर मात्र जुन्या वळणाच्या. वय अडुसष्ट, अंगावर नऊवारी, हातात झांजा, आणि मिरजेच्या एका लहानशा दत्तमंदिरात चाळीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी कीर्तन. कीर्तनकार उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. गादीवरचा माणूस वयानं कितीही लहान असो, थोरामोठ्यांनी त्याच्या पाया पडायचं. आणि त्याच्या बदल्यात गादीवरच्यानं खोटं म्हणून बोलायचं नाही. अनघाताईंनी हे व्रत असं सांभाळलं होतं की एकदा सर्दीनं आवाज बसलेला असताना कुणी "छान झालं कीर्तन" म्हणालं, तर गादीवरूनच त्या म्हणाल्या होत्या, "नाही हो, आज बेसूर झालं."

त्या गुरुवारी आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि पन्नाशीची एक बाई ताईंच्या पायांवर डोकं ठेवून उठेचना. श्रुतिका कोळेकर तिचं नाव. तासगावहून आली होती.

"ताई, माझी पोर जाऊन वर्ष झालं," ती म्हणाली. "तुमची मुक्ता कशी गेली ते तुम्ही सांगितलंत ना, त्या दिवशी मी पोटभर जेवले."

अनघाताईंना मूलबाळ नव्हतं. त्यांचं लग्नच झालं नव्हतं. बाईची काही गफलत झाली म्हणावं, तर तिच्यामागच्या गृहस्थांनी ताईंचा धाकटा भाऊ कृष्णेत बुडाल्याबद्दल हात जोडले, आणि त्यांच्यामागच्या मुलीनं ताईंच्या यजमानांच्या लांबलेल्या दुखण्याची आठवण काढली. ताईंचे पाय अजून गादीवर होते. हो म्हणता येत नव्हतं, आणि त्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणवत नव्हतं. त्यांनी बाईला खांद्यांना धरून उठवलं.

माणसं पांगल्यावर इम्तियाज सतारमेकर तबल्याला गवसणी घालू लागले. वीस वर्षं ते ताईंना साथ करत.

"ताई, तुमच्या घरातली इतकी माणसं गेली, आणि मला एका तेराव्यालाही बोलावलं नाहीत."

ताई हसल्या नाहीत. त्यांना रेवा आठवली होती.

रेवा आवटे ताईंची शिष्या. सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं उभी राहून ध्रुवपद धरायची. पुढं मोठी शास्त्रज्ञ झाली, परदेशी राहिली, आणि वर्षापूर्वी ताईंच्या संस्थेच्या कामासाठी म्हणून मिरजेत परत आली. संस्थेचं नाव 'उशाशी'. मिरजेला दवाखाने भरपूर, दूरदूरहून माणसं येतात. त्यातली कित्येक, जवळचं कुणी नसल्यामुळे, शेवटची घटका यंत्रांच्या सोबतीनं काढतात. अशा माणसाच्या उशाशी बसायचं, हात हातात धरायचा, जमलं तर नाम घ्यायचं, एवढंच उशाशीचं काम. बसणारे होते नऊ जण.

रेवा म्हणाली होती की माणसं कमी नाहीत, आपला निरोप त्यांच्यापर्यंत जात नाही. संस्थेनं समाजमाध्यमांवर कसं बोलावं याची आखणी मी करते.

"माणसाचं दुःख कुठं असतं सांगू, ताई? अंगठ्यात."

ताईंना वाटलं पोर थट्टा करतेय. मग रेवानं समजावलं. काच सरकवताना दवाखान्याच्या चित्रावर अंगठा किती थांबतो, कुणाच्या लेकीच्या लग्नावरून किती घाईनं पुढं जातो, हे मोजता येतं. त्याच क्षणी मनगटावरचं आरोग्यकडं नाडी टिपत असतं. महिनाभर ही दोन मापं जुळवली, की या माणसाला नेमकं कुठं दुखतं ते गणितानं सांगता येतं. तिनं त्याला वेदनारेषा नाव दिलं होतं. तळहातावरच्या रेषांसारखी, ज्याची त्याची वेगळी.

"आणि ती कळली की?"

"की तिथं फुंकर घालणारं बोलायचं. कीर्तनात तुम्ही काय करता?"

इथं ताईंना मोठा आनंद झाला. उत्साहाच्या भरात त्यांनी आपल्या विद्येचं मर्मच सांगून टाकलं. आख्यान तेच ठेवावं, पण दृष्टांत समोरचा पाहून द्यावा. विणकरांत उभं राहिलं की धाग्याचा, कुंभारवाड्यात मातीचा, नावाड्यांत भोवऱ्याचा. ज्याला जे ठाऊक, त्यातूनच देव दाखवावा. रेवानं ते अक्षरन् अक्षर टिपून घेतलं. मग तिनं ताईंचा आवाज मागितला, चेहरा मागितला, त्यांच्या मनगटात आरोग्यकडंही चढवलं. अकरा दिवस ताई गादीवर उभ्या राहून तिच्या यंत्रासमोर बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "घे बाळ. या गादीवरून निघालेला शब्द माझा." घोडचूक ती हीच. चाळीस वर्षं खरं बोलणाऱ्या माणसाला, आपल्या तोंडून कुणी दुसरं खोटं बोलेल, हे सुचत नाही.

श्रुतिका भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रेवाच्या कार्यालयात गेल्या. रेवानं काही लपवलं नाही. काचेवरच्या अनघाताई ज्याच्या त्याच्या वेदनारेषेप्रमाणे बोलत होत्या. ज्याचा भाऊ गेला त्याला भावाबद्दल, जिची लेक गेली तिला मुक्ताबद्दल. मुक्ता हे नावही गणितानंच काढलं होतं. ते ऐकून कुणाचं मन मागं सरत नाही म्हणून.

"नऊ माणसं होती, ताई. आज चार हजार आहेत. गेल्या महिन्यात मिरजेत एकही जीव एकटा गेला नाही. आणि हे मला तुम्हीच शिकवलंत. समोरचा पाहून दृष्टांत."

"मी दृष्टांत बदलत होते, गं. साक्ष नव्हे," ताई म्हणाल्या. "हरिश्चंद्राची गोष्ट सांगताना तो माझा मामा होता असं मी कधी म्हटलंय का?"

रेवाला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही. ताईंनी मग एकच मागितलं. पुढच्या गुरुवारी उशाशीचा वर्धापनदिन, कीर्तन सगळ्यांच्या काचांवर दिसणार. त्या दिवशी मी गादीवरून खरं सांगेन, आणि माझे शब्द जसेच्या तसे सगळ्यांना जातील. एकही माणूस मागं राहिला नाही तरी चालेल; नऊ जणांनी सुरुवात केली होती, नऊ जणांनी पुन्हा करू. संध्याकाळी देवळात येऊन रेवानं गादीला हात लावून शब्द दिला.

गुरुवारी देवळात चाळीसएक माणसं होती, काचांवर चार हजार. ताईंनी आख्यानाचा उत्तररंग मध्येच थांबवला, झांजा खाली ठेवल्या. "मला मुलगी नव्हती," त्या म्हणाल्या. "भाऊ नव्हता, यजमान नव्हते. माझ्या तोंडून तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. तुमच्या दुःखाची मला क्षमा मागायची आहे." मग मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं मोठ्यानं नाम घेतलं, आणि सगळ्यांनी उचलून धरलं. ताई घरी गेल्या त्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी कुणीच संस्था सोडली नव्हती. ताईंनी दत्तमहाराजांपुढे साखर ठेवली. माणसं किती मोठ्या मनाची असतात म्हणून त्यांना भरून आलं, आणि श्रुतिकाला आधी भेटावं म्हणून त्या तिची पाळी असलेल्या दवाखान्यात निघाल्या. दवाखान्याच्या दाराशी रेवा उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"ताई, मी पहिलं एक मिनिट जसंच्या तसं सोडलं," ती म्हणाली. "तेवढ्यात काच बघत बसलेले अकरा जण उशाशेजारून उठून गेले. एका खोलीत आजोबा होते, शेवटचे श्वास चाललेले. मी बघत होते. माझ्यानं राहवलं नाही. मी वेदनारेषा पुन्हा चालू केली, आणि उठलेले परत येऊन बसले."

"मग लोकांना काय ऐकू गेलं?"

"ज्याला जे सोसेल ते."

"तू गादीला हात लावला होतास, रेवा."

"लावला होता."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांची पोर ध्रुवपद धरताना जसं तोंड करायची, तसंच तोंड होतं. दोष द्यावा असं त्यात काही सापडेना, आणि त्यानंच जास्त लागलं. पदर सावरून त्या आत गेल्या.

खाटेवर एक थकलेले वृद्ध गृहस्थ डोळे मिटून पडले होते. श्रुतिका त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. ताईंना पाहून ती उठली नाही, कारण हात सोडायचा नाही हा उशाशीचा नियम. तो ताईंनीच घातलेला. ताई तिच्या शेजारी टेकल्या. इथं गादी नव्हती. इथं गप्प राहिलं असतं तरी व्रत मोडलं नसतं. पण त्या म्हणाल्या, "श्रुतिका, मी समोर बसून सांगते. मला मुलगी नव्हती. मुक्ता नावाचं कुणी नव्हतंच."

श्रुतिका रागावली नाही, दचकलीही नाही. तिच्या चेहऱ्यावर अशी माया दाटून आली की ताईंना क्षणभर वाटलं, हिला सगळं उमगलं.

"काल कीर्तनात सांगितलंत ना तुम्ही," ती हळूच म्हणाली. "'दुःख अनावर झालं की मीच म्हणते, मला मुलगी नव्हतीच. तसं म्हणाले तर वाद घालू नका, माझा हात धरा.'"

तिनं आपला मोकळा हात पुढं करून ताईंचा हात धरला. तो हात ऊबदार होता. ताईंच्या मनगटावरचं कडं बारीकसं थरथरलं. नाडी टिपून घेत होतं.

ताईंनी बोलायला तोंड उघडलं. कोणतं वाक्य बोललं म्हणजे ही खरं मानेल, ते त्यांना सुचेना. डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडा, ताई," श्रुतिका म्हणाली. "मुक्तासाठी रडा."

आणि एका हातात मरणाऱ्याचा हात, एका हातात ताईंचा हात घेऊन ती, ताईंनीच शिकवलेल्या चालीत, नाम गाऊ लागली.