कंसातलं वाक्य

अख्ख्या सभागृहात एकच माणूस हसला, आणि तोही भलत्याच मोठ्याने.

हुहानाची ती पहिलीवहिली फिल्म, जेमतेम बारा मिनिटांची. काका गेलाय, नातेवाईक मराएवर, म्हणजे माओरी कुळाच्या सभाघरात, जमलेत आणि दफनाच्या आदल्या रात्री त्याच्याच फजितीचे किस्से सांगतायत, एवढीच गोष्ट. वेलिंग्टनचे सभ्य प्रेक्षक शवपेटी दिसताच माना खाली घालून बसले होते. आणि मागच्या रांगेत हा कोण तो... खो खो खो!

बाहेर पाऊस आडवा येत होता. शेजारच्या दुकानाच्या पत्र्याखाली तो उभा होता, हातात उलटी झालेली छत्री. वेलिंग्टनच्या वाऱ्यात छत्री घेऊन फिरतो म्हणजे नक्की परगावचा.

"हसणारा तूच ना?"

"मीच." तो ओशाळला. "मावशीचा चष्मा शवपेटीत पडतो ना... तिथे मला आवरलंच नाही. राग आला?"

"येणार नाही? दोन वर्षं घासून विनोद लिहिले मी! आणि हसलं कोण, तर तू एकटा!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "पुढच्या खेळाला गावाहून भावंडांना घेऊन येतो. पाच आहेत. सगळी माझ्यासारखीच हसतात."

"नको. छत उडेल."

पण हसू तिलाही फुटलंच. त्याने ती मोडकी छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि दोघंही व्यवस्थित भिजली.

त्याचं नाव फर्गस. खाली दक्षिणेला गोर नावाच्या गावात रेडिओवर मेंढ्यांचे भाव सांगायचा आणि मधूनमधून स्वतःचे विनोद घुसडायचा. सहा महिन्यांची रजा काढून पटकथा लिहायला शिकावं म्हणून इकडे आला होता. हे सगळं हुहानाच्या आईच्या मावसबहिणीने, म्हणजे आंटी मिरीने, पाच मिनिटांत त्याच्याकडून काढून घेतलं. आंटी मिरी चित्रपट काढायची. पैसा थोडा, हिंमत फार. तिने दोघांना आपल्या स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं, "मला एक विनोदी सिनेमा हवाय. दोघांनी मिळून लिहायचा. भांडायचं असेल तर अंगणात."

अंगणात बरंच जाणं झालं. हुहाना पाच रंगांच्या कार्डांवर एकेक प्रसंग लिहून भिंतीवर ओळीत लावायची. फर्गस चीज रोल खात येरझाऱ्या घालायचा आणि तोंडाने संवाद म्हणायचा. तिची कार्डं त्याच्या कोपराने पडायची. त्याची बडबड तिच्या डोक्यात जायची. तरी पानं साचत गेली. गोष्ट होती नेव्हिल आणि आयरीनची: घटस्फोट झालेलं म्हातारं जोडपं, आणि दोघांत मिळून एकच मेंढ्या वळवणारा कुत्रा. कुत्र्यांच्या स्पर्धेत तो ऐकायचा, पण दोघं शेजारी उभी असली तरच.

एकमेकांची पानं आपण नीट वाचतो की नुसत्या माना डोलावतो, हे तपासायला त्यांनी एक शक्कल काढली होती. प्रसंगातल्या हालचाली कंसात लिहितात ना, त्यातच निरोप लपवायचा. (आयरीन फाटक उघडते. फर्गस, शर्टावर चीज आहे.) (कुत्रा पाणी पितो. हुहाना, आज केस मोकळे का? काम सुचत नाही.) ज्याला सापडेल त्याने पुसून टाकायचं, एवढाच नियम.

केसांचा निरोप तिने पुसला खरा. पण आधी चारदा वाचला.

घोडं अडलं ते शेवटावर.

"ती पुन्हा एकत्र येणार नाहीत," फर्गस म्हणाला. "कुत्रा वाटून घेतील, बस. खऱ्या आयुष्यात माणसं निघून जातात."

"कारण त्यांना कोणी थांब म्हणत नाही म्हणून!"

"मग म्हणावं ना कोणीतरी."

"म्हणावं ना!"

किटली उगाच उकळत राहिली... त्याची रजा संपत आली होती. सोमवारच्या फेरीबोटीचं तिकीट फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, आणि दूध काढताना तिला ते रोज दिसायचं. सोमवारनंतर हा माणूस आपल्या आयुष्यात नसेल, हे तिला सहनच होत नव्हतं. पण तोंडावर सांगायचं कसं? तो नाही म्हणाला तर मैत्रीही गेली, आणि तिच्या विनोदांना हसणारा माणूसही.

गुरुवारी तिने शेवटचा प्रसंग एकटीने लिहिला. (नेव्हिल गाडीत बसतो. काही बोलत नाही. फर्गस, जाऊ नकोस. मला तू हवा आहेस.) फाईल त्याला पाठवली आणि फोन उशीखाली दडवला.

शुक्रवारी तो आला, चीज रोल खाल्ला, हवेबद्दल बोलला. फाईल उघडली तेव्हा ते वाक्य तिथेच होतं. म्हणजे त्याने वाचलंच नव्हतं! तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रडूही आलं. आपणच पुसावं म्हणून तिने कळीवर बोट ठेवलं... पण आज रात्री तरी वाचेल, या आशेने राहू दिलं. तोवर आंटी मिरीने अख्खी पटकथा छापायला पाठवूनसुद्धा दिली होती.

शनिवारी न्यूटाउनच्या हॉलमध्ये पटकथेचं वाचन होतं. लांब टेबल, भोवती नट, एका टोकाला हुहाना, दुसऱ्या टोकाला फर्गस, मागे नटांची माणसं, चहा आणि स्कोन. संवाद नट वाचणार आणि कंसातलं सगळं आंटी मिरी. आंटीची पद्धत अशी, की समोर येईल ते एकाच सुरात वाचायचं. पुढे काय आहे ते बघायचं नाही. लोक हसत होते. पोट धरधरून हसत होते. हुहाना मात्र हातातल्या पानांकडे बघून पांढरी पडली होती. ती खोकली. तिने चहा सांडून पाहिला. आंटीने कप बाजूला केला आणि वाचलं,

"नेव्हिल गाडीत बसतो. काही बोलत नाही. फर्गस, जाऊ नकोस. मला तू हवा आहेस."

नेव्हिलचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या क्लाइव्हने चष्मा कपाळावर चढवला.

"हा फर्गस कोण? गोष्टीत एवढा वेळ कुठे होता?"

हुहाना उठली ती तडक मागच्या दाराने बाहेर. गाल असे पेटले होते की पावसाचं पाणीही गार लागेना. मागे दार वाजलं.

"हुहाना—"

"काही बोलू नकोस. तू वाचलंच नव्हतंस, मला माहितीये. विसरून जा."

"वाचलं होतं. गुरुवारीच."

ती गर्रकन वळली. "मग पुसलं का नाहीस?"

"कसं पुसू?" दिवसभर टकळी चालवणारा हा माणूस शब्द शोधत होता. "तसं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. कर्सर तिथे नेला... तीनदा नेला. पुसवेना. मग वाटलं, तू गंमत करत असशील. निम्मे निरोप गमतीचेच असतात तुझे."

"हा नव्हता."

"आंटीने वाचलं तेव्हा तुझा चेहरा पाहिला ना, तेव्हा कळलं." तो एक पाऊल पुढे आला. "मी गाढव आहे."

"आहेसच."

"पण तुझ्यावर प्रेम करणारं गाढव आहे. पत्र्याखाली माझ्याशी भांडलीस ना, तेव्हापासून."

तिने त्याची ओली कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याचं चुंबन घेतलं. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती हसत राहिली आणि रडतही राहिली, आणि तो दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून उभा राहिला.

खिडकी उघडल्याचा आवाज आला. वीस माणसं दाटीवाटीने बघत होती. सगळ्यांत पुढे क्लाइव्ह, हातात पेन्सिल.

"अरे पोरा," तो ओरडला, "मग मी गाडीतून उतरायचं की नाही?"

फर्गसने हुहानाकडे पाहिलं. पावसाने त्याला डोळे नीट उघडता येत नव्हते.

"उतरा," तो म्हणाला. "पटकन उतरा."