उलटा ठेवायचा कागद

बरकत पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आला तो डाव्या डोळ्यावर ओला रुमाल धरून आणि आल्या आल्या माझ्या टेबलावरची शाईची दौत सांडून.

"माफ करा, बाई. अर्धंच दिसतंय."

"अर्ध्यात एवढं सांडलंत. पूर्ण दिसतं तेव्हा काय करता?"

तो हसला. बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं आणि मी उगाचच कोरडं झालेलं टेबल परत परत पुसत राहिले.

मी शमीम. अब्बा पाट्या रंगवायचे, म्हणून माझा हात वेलबुट्टीवर लहानपणापासून बसलेला. डॉक्टर इंदुताईंनी तो हेरला आणि मला चिंचवडच्या त्यांच्या दवाखान्यात कामाला ठेवलं. सुई न टोचता, चीर न देता माणसाच्या रक्ताच्या शिरा बघायच्या तर त्या डोळ्यातच. अंधारी खोली, एक दिवा, हातातलं भिंग... आणि आत केशरी पडद्यावर पसरलेला लाल वेल! त्याचा फोटो काढणारं यंत्र आम्हाला कुठलं परवडायला? ते यंत्र म्हणजे मीच. फक्त एक पथ्य होतं. भिंगातून सगळं उलटं दिसतं, म्हणून पेशंटचं नाव लिहिलेली बाजू खाली येईल असा कागद उलटा ठेवून काढायचं. मग कागद फिरवला की चित्र सुलटं.

बरकतच्या डोळ्याला गॅरेजमध्ये जॅकचा दांडा लागला होता. आत रक्त साकळलं होतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात त्याला फिटरची नोकरी मिळाली होती, पण महिन्याभरात डोळा सुधारल्याची चिठ्ठी दिली तरच.

इंदुताईंनी भिंगातून तो रक्ताचा डाग दाखवला आणि त्याच्याभोवतीच्या शिरा तेवढ्या काढायला सांगितल्या. मी भिंगावर वाकले.

"काय दिसतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"शिरा."

"अजून कुणी?"

"गप्प बसा... डोळा हलतो."

"डोळा न्हाई हलत, बाई. बाकीचं हलतंय."

इंदुताई खोकल्या. माझे कान तापले. कसंबसं चित्र पुरं केलं.

महिन्यानं तो आला तेव्हा इंदुताईंकडे डोळ्यात बघायचं बॅटरीवरचं नवं यंत्र आलं होतं. त्यातून सगळं सुलटंच दिसायचं. मी दुसरं चित्र काढलं. ताईंनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आधीचा डाग वर होता. हा खाली आहे. म्हणजे नवं रक्त आलंय. बरकत, चिठ्ठी देता येणार नाही मला."

तो रुमालाची घडी घालत राहिला, एकदा, दोनदा. एवढा बडबड्या माणूस गप्प झालेला मला बघवेना. मी चित्रांकडेच डोळे लावले. डागाजवळ एक शीर दुभंगत होती. पहिल्या चित्रात डागाच्या वर, दुसऱ्यात डागाच्या खाली. डाग हलेल एक वेळ... पण शिरा कशा जागा बदलतील?

मी पहिला कागद फिरवला. शीर शिरेशी जुळली. डागही जागेवर आला. महिन्यापूर्वी चिंचोक्याएवढा होता, आज मोहरीएवढा.

"ताई, डाग तोच आहे. बरा होतोय! मी... त्या दिवशी कागद उलटा ठेवायला विसरले."

"दोन वर्षांत कधी विसरली नाहीस. त्याच दिवशी कशी?"

खोटं सांगता आलं असतं. पण एवढं हायसं वाटलं होतं की खोटं सुचेचना.

"मी शिरा बघत नव्हते, ताई. यांना बघत होते."

इंदुताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि यंत्र उचललं. डोळा पुन्हा नीट तपासला, दोन्ही चित्रांशी ताडून पाहिला. मग चिठ्ठी लिहिली. शिक्का आणायचं निमित्त करून आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. शिक्का टेबलावरच होता.

बरकतनं डोळे पुसले. हसतही होता.

"ते चुकलेलं चित्र मला द्या."

"कशाला?"

"तुमच्या अब्बांना दाखवायला. शुक्रवारी नमाजनंतर अम्मीला घेऊन तुमच्या घरी येतो... येऊ ना?"

मी मान हलवली आणि कागद त्याच्या हातात दिला. उलटा दिला की सुलटा, तेही बघितलं नाही.