अण्णांची टेकडी

ईस्टरच्या पहाटे आमच्या वडिलांना, अण्णांना टेकडीवर न्यायचं, हे माझ्या भावानं ठरवलं. निमित्त एवढंच, की तापातून उठल्यावर अण्णा म्हणाले होते, "गावाकडे सूर्य उगवताना टेकडीवर उपासना व्हायची. फार आठवते." झालं! सुधन्वा केंद्र सरकारचा अधिकारी, योजना आखल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही. फरीदाबादच्या मागे अरवलीत त्यानं मोबाइलच्या नकाशावर एक टेकडी हेरली, वाट आखली आणि अण्णांची खुर्ची उचलायला चर्चमधली पोरंही ठरवून टाकली. मग ईस्टरच्या आदल्या शनिवारी वाट तपासायला तो, त्याची कॉलेजातली मुलगी क्षिप्रा आणि मी, त्याची थोरली बहीण, असे तिघं निघालो.

निघण्याआधी जेवणाच्या टेबलाशी त्यानं प्रार्थना केली. "प्रभू, या प्लॅनला आशीर्वाद दे. आमेन." फाइल तयार करून साहेबांपुढे फक्त सहीला ठेवावी, तशी. मीही मान खाली घालून आमेन म्हटलं.

अण्णांना आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. शेजारची चेतना त्यांच्यापाशी बसली होती, पण संध्याकाळी तिची हॉस्पिटलची ड्यूटी होती. त्याआत परतायचंच होतं.

कीकरांच्या, म्हणजे इकडच्या बाभळींच्या, काट्यांतून वाट काढत आम्ही एका जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठाशी आलो. खाली हिरवट पाणी, चहूकडे तासलेले कडे आणि पलीकडे ती टेकडी. खाणीला वळसा घालून जावं, असं मला वाटत होतं.

"नकाशात सरळ रस्ता दिसतोय, ताई," सुधन्वा म्हणाला. "हा दगडांचा उतार उतरायचा, पलीकडून चढायचं. बिल्कुल सोपं आहे."

आम्ही दोघी उतरलो. शेवटी तो. आणि उतार हलला! आधी खडी, मग दगड, मग अख्खी रासच गडगडत आली. क्षिप्रानं मला बाजूला ओढलं. धूळ बसली तेव्हा सुधन्वा घोटा धरून बसला होता आणि आम्ही आलो त्या जागी सरळ भिंत उभी होती.

मोबाइलला नेटवर्क नव्हतं. पलीकडचा चढ नकाशात होता, प्रत्यक्षात तिथे कडाच होता. मग दुसरी योजना. ओढण्या एकमेकींना बांधून वरच्या झुडपावर टाकायच्या. झुडूप मुळासकट हातात आलं. मग तिसरी, आळीपाळीनं ओरडायचं. आमचेच आवाज कड्यांवर आपटून परत येत राहिले. एप्रिलचं ऊन त्या खड्ड्यात साचलं होतं. बाटलीत घोटभर पाणी उरलं, ते क्षिप्राला दिलं. ते हिरवं पाणी प्यायचा धीर कोणाला होईना.

"चेतना निघून गेली असेल का गं?" सुधन्वानं विचारलं. खुर्चीतून उठायला धडपडणारे अण्णा डोळ्यांपुढे आले आणि मला रडू फुटलं.

"बाबा, आता चौथा प्लॅन आहे का?" क्षिप्रानं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

त्यानं घोट्यावरचा हात काढला. मग डोळे मिटले. "प्रभू, मला काही सुचत नाहीये. सकाळी मी तुला विचारलंच नाही, नुसतं सांगितलं. आता तू सांग." पुढे आमेनही नाही. तो गप्पच बसला. आम्हीही बसलो. सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही तिघं एकदम गप्प होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. क्षिप्राची बोटं माझ्या मनगटावर घट्ट रुतली. पाण्याच्या पलीकडे, कीकरांच्या जाळीतून एक नीलगाय बाहेर येत होती. थांबली, कान हलवले, वाकून पाणी प्यायली. आमचा आरडाओरडा चालू असता तर ती फिरकलीही नसती.

"आत्या," क्षिप्रा कुजबुजली, "ही खाली आली कुठून?"

नीलगाय वळली आणि जाळीत शिरली. आम्ही पाण्याच्या कडेकडेनं निघालो. सुधन्वाचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा लेकीच्या. काटे अंगभर ओरबाडत होते. जाळीमागे कड्याला चीर होती. तिच्यातून जनावरांची निमुळती वाट वर गेली होती. चढलो. घसरलो. पुन्हा चढलो. आणि एकदम तोंडावर वारा आला!

टेकडी आता हाकेच्या अंतरावर होती. सुधन्वानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. "राहू दे. अण्णा वाट बघत असतील."

घरी पोचलो तर चेतना अण्णांना चहा पाजत होती. ड्यूटीवर फोन करून ती थांबली होती. मी तिचे हात धरले. सुधन्वा अण्णांच्या पायाशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, खुर्ची उचलणाऱ्या पोरांसकट.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अरे, आठवते म्हणालो मी. ने म्हणालो होतो का? मला खुर्चीत घालून डोंगरावर? मी तर भीतीनंच गेलो असतो."

"मग ईस्टरला काय करायचं, अण्णा?"

"मला काय विचारतोस? आधी त्याला विचार की."

रात्री जेवायला बसल्यावर सुधन्वानं हात जोडले. "प्रभू, ईस्टरला काय करू?" एवढंच म्हणाला आणि थांबला. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. तो खरंच उत्तराची वाट बघत होता. भाजी निवली, पोळ्या गार झाल्या. अण्णांनाही घाई नव्हती. मी डोळा पुन्हा मिटून घेतला.