एक्क्याण्णवावी गोष्ट

बसा. दुकान विकत घ्यायला आलात, तर आधी एक विचारतो. विश्वास कोणावर ठेवाल? गिऱ्हाईकावर, मशीनवर, की माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यावर? घाई नाही. मीही थकलोय, सावकाश सांगतो.

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. नवऱ्याचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता. नवरा चार महिन्यांपूर्वी गेलेला. "त्यात त्यांचा आवाज आहे हो," म्हणाल्या. "नातीसाठी रोज सकाळी एक गोष्ट बोलून ठेवायचे. नव्वद झाल्या. दुसरीकडे कुठेच नाहीत."

मी आतला मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, बदलला आणि जुना भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो. लॅपटॉप सुरू झाला नि निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागू लागला. डिस्कला कुलूप होतं आणि ते उघडणारी चिप जुन्या बोर्डावर. अशा वेळी जुना बोर्ड जपून ठेवायचा, हे नवशिक्यालाही कळतं.

"बाई, डिस्कच गेलीये," मी म्हणालो. वहीतही तेच लिहिलं.

त्यांनी काउंटरवर हात ठेवला. "असं..." एवढंच म्हणाल्या. लॅपटॉप इथेच ठेवून गेल्या.

मन खाऊ लागलं. मी डिस्कची हुबेहूब प्रत काढली. आम्ही तिला इमेज म्हणतो. ती माझ्या मशीनला जोडली, फक्त वाचता येईल अशी. तिच्यात कोणी काही घालू शकत नाही, पुसू शकत नाही. रोज जोडायचो, रोज कुलूप. नवव्या दिवशी किल्ली न मागताच उघडली.

आत एक्क्याण्णव फायली. शेवटच्या फायलीवर तारीख मी बाईंशी खोटं बोललो त्या दिवसाची. लावली. आधी खोकला... मग माझ्या या पंख्याची कुरकुर... मग माझाच आवाज. "बाई, डिस्कच गेलीये." आणि माइकच्या अगदी जवळ कोणीतरी सावकाश श्वास घेतंय.

मी पडलो व्यापारी. पहिल्या नव्वद पेनड्राइव्हवर घेतल्या, शेवटची वगळली, दोनदा मोजल्या आणि बाईंना दिल्या. "जिवाचं रान केलं बघा," हेही वर ऐकवलं. त्या रडल्या.

संध्याकाळी फोन आला. "शेठ, एक्क्याण्णव आहेत."

"नव्वदच दिल्यात," मी म्हणालो.

"नात विचारतेय, ही शेवटची गोष्ट कोणाची? आणि अर्धीच का सोडली?"

मग सगळं ओकलो. बोर्ड, भंगार, खोटं.

"गोष्ट पुरी झाली. आता झोपेल ती," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वहीतली नोंद खोडून खरी लिहिली. वाटलं, सुटलो. पण ती इमेज मी काढून टाकली, तरी सकाळी त्या कोपऱ्यातल्या मशीनला जोडलेलीच असते. आणि रोज दुकान बंद झालं की तिच्यात एक नवी फाइल येते. दिवसभर इथे जे बोललं गेलं, ते सगळं.

आजची मात्र सकाळीच आलीये, तुम्ही यायच्या आधीच. बावीस मिनिटांची. आज तुमच्याशिवाय इथे कोणी फिरकलेलं नाही... मी ती ऐकली नाही. ऐकणारही नाही.

दुकान खुशाल घ्या, मी अडवत नाही. हिशेब मात्र चोख ठेवा. हाताने जे केलं असेल, तेच वहीत लिहा... एवढी कृपा करा.