कढीपत्त्यानं सांभाळलेलं विरजण

मंगळावरच्या ‘अरुणतळ’ वसाहतीत आधी पालक सडला, मग मेथी. आता गव्हाची मुळंही तपकिरी पडू लागली, तेव्हा डॉ. सुधन्वा बर्वे यांची अन्नावरची वासनाच उडाली. इथली धुकेशेती त्यांनीच उभी केली होती. तिच्यात मातीचा कण नाही. मुळं हवेत लोंबतात आणि त्यांच्यावर खतपाण्याचं बारीक धुकं सोडतात. पृथ्वीवरून पुढचं यान यायला अजून वर्ष होतं. शेती गेली तर बाराजणांनी खायचं काय, डोंबल?

“सगळं पुन्हा निर्जंतुक केलं ना?” त्यांनी जलअभियंता वृषाली थोपटेला विचारलं.

“केलं की. नळ्या, टाक्या, स्वयंपाकघरसुद्धा. माझं दह्याचं भांडंही तुम्ही उकळायला लावलंत, सर.” त्या दह्याचं विरजण तिच्या आईनं रुमालावर वाळवून दिलं होतं, आणि आई आता या जगात नव्हती.

शेतीच्या आसपास जिवंत जंतू नकोत, हा नियम बर्व्यांचाच.

“पण धुतल्यापासून मुळं सडवणारी बुरशी दुप्पट वेगानं पसरतेय,” वृषाली म्हणाली. “आणि हा बघा, मजेत आहे.”

स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बाटलीत कढीपत्ता होता. पिकांत मोडत नाही म्हणून तेवढा धुवायचा राहिला होता. त्यालाही त्याच टाकीचं पाणी, तरी मुळं पांढरीशुभ्र! बर्व्यांनी मुळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

“अरेच्चा! मुळांवर जंतूंचा थर आहे, आंबवणाऱ्या जंतूंचा. बुरशीला टेकायला जागाच नाही ठेवलेली. मातीत ही राखण असे जंतूच करतात. आपण माती काढली, वर राखणदारही हाकलले. मोकळं घर बघून बुरशी शिरणारच! याला तू घालतेस तरी काय?”

वृषालीनं जीभ चावली. “दही होतं तोवर, ताकाचं भांडं विसळलं की ते पाणी. आमच्याकडे कढीपत्त्याला ताक घालतात, सर. हात आपोआप वळतो. रागावू नका.”

“रागावू? अगं, तुझे पाय धरायला हवेत!”

बर्व्यांनी मुळांवरचे जंतू वाढवले आणि धुक्यात सोडले. काही आठवड्यांत गव्हाला नवी पांढरी मुळं फुटली. जो तो वृषालीचे आभार मानू लागला. ती हसायची, पण दही गेलं ते गेलंच, हे काही मनातून जात नव्हतं.

मग एका सकाळी बर्वे झाकलेली वाटी घेऊन तिच्या दारात उभे राहिले. वाटीत घट्ट दही होतं.

“हे कुठून आणलंत?”

“भुकटीचं दूध कोमट केलं आणि त्यात कढीपत्त्याचं मूळ बुडवून ठेवलं. तुझ्या भांड्यातून जे जंतू मुळावर गेले, तेच दुधात उतरले. तुझ्या आईचंच विरजण आहे हे. मी उकळून टाकलं, त्यानं सांभाळलं.”

वृषालीनं बोटभर चाटलं. “तेच आहे हो, सर! अगदी तेच!” म्हणत ती लहान मुलीसारखी रडली.

दुपारी सगळ्यांना घोट घोट ताक मिळालं. बर्व्यांनी आपला पेला विसळला आणि ते पाणी घेऊन थेट कढीपत्त्याकडे गेले. मागे बघतात तो बाकीचे सगळे विसळलेले पेले घेऊन रांगेत उभे.

“अरे, रोज एकेकानंच या,” वृषाली डोळे पुसत ओरडली, “बुडवाल बिचाऱ्याला!”